शेजारी कोण? : वऱ्हाडातील ख्रिस्ती सेवेची वाट

ख्रिस्ती धर्मात श्रद्धा आणि दया या दोन वेगळ्या गोष्टी मानलेल्या नाहीत. देवावर प्रीती करावी आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, या दोन आज्ञा येशूने एकत्र सांगितल्या आणि साऱ्या धर्मशास्त्राचे सार त्यांत असल्याचे म्हटले. यांतली दुसरी आज्ञा पाळायची तर शेजारी कोणाला म्हणायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला नेमका हाच प्रश्न विचारतो. येशू व्याख्या सांगत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर चोरांनी एकाला मारून अर्धमेला टाकलेला असतो. याजक त्याला बघून पुढे जातो, मंदिराचा सेवकही तसाच पुढे जातो. मग यहुदी लोक ज्यांना कमी लेखत त्या शोमरोनी समाजातला एक प्रवासी थांबतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याच्यापाशी राहतो. सकाळी निघताना उतारशाळेच्या मालकाच्या हाती पैसे ठेवतो आणि जास्तीचा खर्च परत येताना देईन, असे सांगतो. गोष्ट संपल्यावर येशू प्रश्नच फिरवतो: या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? म्हणजे शेजारी शोधायचा नसतो, आपण कोणाचे तरी शेजारी व्हायचे असते.

मत्तयच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दिवसाचे चित्र हाच विचार पुढे नेते. भुकेल्याला जेवू घातले, तहानलेल्याला पाणी दिले, परक्याला घरात घेतले, उघड्याला वस्त्र दिले, आजाऱ्याचा समाचार घेतला, तुरुंगातल्याला भेटले, हे सारे न्याय करणारा राजा स्वतःसाठी केले असे मानतो. ज्यांनी ते केले त्यांना राजाची सेवा घडल्याचे ठाऊकही नसते. याकोबाच्या पत्रात तर कृतीवाचून असलेला विश्वास निर्जीव ठरवला आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्या काळी ते घरातल्या नोकराचे काम होते. ख्रिस्ती सेवेची कल्पना या चार ठिकाणांवर उभी आहे. मराठीत तिच्यासाठी जुना शब्द आहे, शेजारधर्म. वऱ्हाडातल्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तरी दुष्काळ, कुष्ठरोग, बाळंतपण आणि शाळा या चार ठिकाणी या लहान समाजाने शेजारधर्माचे जे रूप उभे केले, ते वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाचा भाग आहे.

कापूस, रेल्वे आणि मिशन

वऱ्हाड हा मुळात निजामाच्या राज्यातला मुलूख. १८५३ च्या करारानुसार त्याचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६० च्या दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरून गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्याच सुमारास कापसाला मोठा भाव आला आणि अमरावती, अकोला, खामगाव ही कापसाच्या बाजारपेठांची गावे वाढली. रेल्वेबरोबर व्यापारी आले, वकील आले, सरकारी दवाखाने आले, तसेच मिशनरीही आले.

या भागात कोणी एकच मिशन काम करत नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याशी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, आणि त्यापलीकडे मेळघाटात कोरकू समाजात काम करण्यासाठी अल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकी मिशनरी आले. हेच नॉर्टन पुढे दौंडला गेले आणि पंडिता रमाबाईंच्या सांगण्यावरून दुष्काळातील मुलग्यांसाठी अनाथालय चालवू लागले. कोरकूंमधील कामासाठी १८९० मध्ये ‘कुरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ ही स्वतंत्र संस्था निघाली. अकोला हे ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संस्थेच्या मराठी क्षेत्राचे मुख्य ठाणे झाले. ए. बी. सिम्पसन यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या या संस्थेला इकडे ‘अलायन्स मिशन’ म्हणत. वाशीम तेव्हा बासीम म्हणून ओळखले जाई. तिथे आधी मेथडिस्ट आणि नंतर नाझरीन मिशन होते. कॅथलिक पंथाचे काम नागपूरहून पसरत गेले आणि ८ मे १९५५ रोजी अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. जोसेफ आल्बर्ट रोझारिओ हे त्याचे पहिले बिशप.

त्या काळच्या मिशनरींच्या नजरेस स्त्रीचे दुःख आधी पडले. अलायन्स मिशनमधील जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर लिहिलेले ‘द राँग्ज ऑफ इंडियन वूमनहूड’ हे पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. बालविवाह आणि विधवांचे हाल यांचे त्यात तपशीलवार वर्णन आहे. परक्या नजरेतून केलेल्या अशा वर्णनांत एकांगीपणा येतो, हे खरेच. पण ज्या वेदनेवर त्यांनी बोट ठेवले, तिच्यावर महात्मा फुले, रमाबाई आणि गोपाळ गणेश आगरकर या आपल्याच सुधारकांनीही त्याआधीच लिहिले होते.

दुष्काळातली मुले

श्रद्धेची पहिली मोठी परीक्षा दुष्काळाने घेतली. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला आणि १८९९–१९०० मध्ये त्याहून भयंकर दुष्काळाने वऱ्हाडालाही वेढले. पाऊस गेला, ज्वारी गेली, कापूस गेला. जनावरांना चारा उरला नाही. त्यामागोमाग कॉलरा आणि ताप आले. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ च्या शिरगणतीत ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास आली. ज्या दहा वर्षांत ती वाढायला हवी होती, त्याच दहा वर्षांत ती सुमारे पाच टक्क्यांनी घटली.

दुष्काळात आधी मोडते ते घर. कामाच्या शोधात निघालेले आईबाप वाटेत मरत आणि मुले रेल्वे स्टेशनांवर, बाजारांत, सरकारी कामांच्या छावण्यांभोवती उरत. पंडिता रमाबाई १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना पुणे जिल्ह्यातील केडगावला घेऊन आल्या. मुक्तीसदनाचा विस्तार तिथून सुरू झाला. वऱ्हाडात अलायन्स मिशनने अकोल्याला मुलग्यांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथालये उघडली. अमेरिकेतील ‘ख्रिश्चन हेराल्ड’ या साप्ताहिकाने वर्गणी गोळा केली आणि १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाचे जहाज मका घेऊन मुंबईला आले. तो मका मिशनांमार्फत वाटला गेला.

उपाशी मुलाला वाचवणे म्हणजे ताट वाढणे नव्हे. अनेक दिवस अन्न न मिळालेल्या मुलाच्या हातात एकदम भाकर दिली तर ते मरू शकते. त्याचे आतडे आणि हृदय तेवढा भार सोसत नाही. म्हणून आधी पातळ पेज, तीही थोडी थोडी, दिवसातून अनेक वेळा द्यावी लागते. मग दूध, मग मऊ भात, आणि पुष्कळ दिवसांनी भाकर. अंगावरचे खरजेचे व्रण धुवावे लागतात, डोक्यातल्या उवा काढाव्या लागतात. रात्री घाबरून उठणाऱ्या मुलाजवळ कोणीतरी बसावे लागते. चांगल्या शोमरोन्याने रात्रभर उतारशाळेत थांबून केले ते हेच. दयेचे खरे मोल तिला लागणाऱ्या वेळात असते.

पोट भरल्यावर पुढचा प्रश्न पोटापाण्याचा. म्हणून त्या काळच्या मिशन अनाथालयांत वाचन-लेखनाबरोबर सुतारकाम, शिवण, शेती असे उद्योग शिकवले जात. जातीची चौकट सुटलेल्या मुलांना पोट भरण्यासाठी हातात कला असणे हाच आधार होता. मुली वाचायला शिकल्या, काही शिक्षिका झाल्या, काही परिचारिका. वऱ्हाडातील आजच्या अनेक ख्रिस्ती घराण्यांच्या वंशावळीत चार-पाच पिढ्यांमागे अशा दुष्काळात वाचलेल्या मुलामुलींची नावे सापडतात.

या कामावर एक गंभीर आक्षेप राहतो. आईबाप गमावलेले मूल मिशनमध्ये वाढले की ते ख्रिस्ती होत असे. त्याने स्वतः निवड केली, असे म्हणणे अवघड आहे. त्या काळच्या मिशनरींना मुलाला वाचवणे आणि त्याला आपला विश्वास देणे ही एकच गोष्ट वाटे. आज त्या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. पण कोणाचेही नसलेल्या मुलाला कोणी उचलले, याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

कोठारा : पाय धुण्याची सेवा

वऱ्हाडातील ख्रिस्ती सेवेचे सर्वांत दीर्घ रूप परतवाड्याजवळच्या कोठारा या ठिकाणी दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरकू भागात काम करणाऱ्या मिशनच्या कामातून कुष्ठरुग्णांसाठी इथे आश्रयस्थान निघाले. पुढे ते ‘द लेप्रसी मिशन’च्या कामाशी जोडले गेले. वेलस्ली बेली या आयरिश तरुणाने पंजाबातील अंबाल्याला १८६९ मध्ये कुष्ठरुग्ण पाहिले आणि १८७४ मध्ये डब्लिन येथे या संस्थेची सुरुवात केली. आजूबाजूच्या गावांत लोक या जागेला साधे ‘कोठाऱ्याचा दवाखाना’ म्हणतात.

कोठाऱ्यासारखी जागा का लागली, हे समजण्यासाठी तेव्हाचा समाज पाहावा लागतो. ‘रक्तपिती’ आणि ‘महारोग’ हे शब्द उच्चारले तरी माणूस घराबाहेर जाई. रोग्याचे ताट वेगळे, मग खोली वेगळी, मग गावाबाहेर झोपडी, असा प्रवास होई. १८९८ च्या कायद्याने रस्त्यावरच्या निराधार कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमांत ठेवण्याची सोय केली होती. हा कायदा संसदेने २०१६ मध्ये रद्द केला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून काढून टाकण्यासाठी २०१९ उजाडावे लागले. एखाद्याला स्पर्श करायचा की नाही हा प्रश्न शतकभर कायद्यातही होता.

ख्रिस्ती श्रद्धेसाठी हा प्रश्न विशेष जवळचा आहे. शुभवर्तमानांत येशू कुष्ठरुग्णाला बरे करताना आधी हात पुढे करून स्पर्श करतो आणि मग बोलतो. हा क्रम मिशन दवाखान्यांनी गांभीर्याने घेतला. नॉर्वेमध्ये आर्माउर हान्सेन यांनी १८७३ मध्ये रोगाचा जंतू शोधला, पण औषध हाती यायला पुढे सत्तर वर्षे गेली. तोवर चालमोगऱ्याचे तेल, स्वच्छ जखमा आणि माणसासारखी वागणूक एवढेच देता येई. १९४० च्या दशकात डॅप्सोन आले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा बहुविध उपचार सुचवला. रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन एकत्र दिल्यावर रोग ठरावीक मुदतीत बरा होऊ लागला. भारतात १९५५ पासून राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम होता, तो १९८३ मध्ये निर्मूलन कार्यक्रम झाला. डिसेंबर २००५ मध्ये दर १०,००० लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, हे राष्ट्रीय पातळीवरचे उद्दिष्ट गाठले गेले.

जंतू गेला तरी बधिरपणा राहतो, हे या रोगाचे दुर्दैव. नसांना झालेली इजा औषधाने भरून येत नाही. चुलीवरचा तवा हाताला लागतो आणि कळत नाही. शेतातला काटा तळपायात घुसतो, माणूस संध्याकाळपर्यंत त्यावर चालत राहतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि बोटे झिजतात. बोटे ‘गळून पडतात’ असे लोक म्हणतात, पण ती गळत नाहीत. न जाणवलेल्या जखमांनी ती हळूहळू नष्ट होतात.

म्हणून कुष्ठरोगाच्या दवाखान्यात पायाची काळजी शिकवणे हा रोजचा भाग असतो. टबात साधे पाणी घेऊन त्यात पाय वीस-तीस मिनिटे भिजवायचे. मऊ झालेली कडक कातडी खरवडून काढायची. पाय पुसण्याआधी खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचे, म्हणजे ओल कातडीत टिकते. मग दोन्ही तळपाय उजेडात धरून बोटांच्या बेचक्या तपासायच्या. नीट दिसत नसेल तर आरसा घ्यायचा. लालसर ठिपका दिसला तर त्या दिवशी चालायचे नाही. बाहेर पडताना मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या चपला घालायच्या, म्हणजे काटा आणि दाब दोन्ही टळतात. परिचारिका रुग्णासमोर खाली बसते, त्याचा पाय मांडीवर घेते आणि हे सारे करून दाखवते, कारण ते पाहिल्याशिवाय येत नाही. पाय धुण्याची शुभवर्तमानातली गोष्ट इथे उपदेशात नसते. ती रोजच्या कामात असते.

वळलेली बोटे आणि लोंबणारे पाऊल शस्त्रक्रियेने सरळ करता येतात, हे पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला दाखवले. एका स्नायूचा कंडरा दुसरीकडे जोडून हाताला पुन्हा पकड देता येते. त्यामुळे रुग्ण पुन्हा कुदळ धरू शकला, स्त्री पुन्हा सुई धरू शकली. कोठाऱ्याच्या कामाचीही दिशा बदलली. आश्रयस्थानाचे रुग्णालय झाले आणि आसपासच्या सर्व गावांसाठी खुल्या रुग्णालयात ते विस्तारले. कुष्ठरुग्ण आणि इतर रुग्ण एकाच बाकावर रांगेत बसतात, हेच शतकभराच्या कामाचे मोठे फळ आहे.

वाशीमचा दवाखाना आणि परिचारिका

१ जुलै १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यात होते. तिथल्या ‘रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल’ची सुरुवात १९३८ मध्ये झाली. डॉ. ऑर्फा स्पाइकर या अमेरिकी डॉक्टर १९३६ मध्ये भारतात आल्या आणि मिशनच्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी दवाखाना उभा केला. नाझरीन चर्चचे नेते हायरम रेनॉल्ड्स यांचे नाव त्याला दिले गेले. स्पाइकर यांनी तिथे सुमारे चाळीस वर्षे काढली.

वऱ्हाडच्या खेड्यांत तेव्हा बाळंतपण घरातच होई. अडलेली बाई बैलगाडीतून कितीतरी कोस नेली जाई आणि पुरुष डॉक्टरसमोर तिला न्यायला घरचे तयार नसत. स्त्री डॉक्टर असलेला दवाखाना हा अशा बाईसाठी जीव वाचण्याचा मार्ग होता. इथे दयेचे रूप साधे होते: दरवाजा रात्रीही उघडा असावा आणि आत शिरणाऱ्या बाईला तिची जात विचारली जाऊ नये.

या दवाखान्यांचे टिकाऊ योगदान परिचारिकांचे आहे. रोग्याच्या मलमूत्राला हात लावावा लागतो, परक्या पुरुषाला स्पर्श करावा लागतो, रात्रपाळी करावी लागते, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक घरे मुलीला नर्स होऊ देत नसत. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातील बहुसंख्य प्रशिक्षित परिचारिका ख्रिस्ती होत्या आणि त्यांतल्या बहुतेक मिशन दवाखान्यांत शिकलेल्या. दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या नाती पांढऱ्या साडीत गावोगावच्या दवाखान्यांत उभ्या राहिल्या. लोक त्यांना ‘सिस्टर’ म्हणू लागले. कॅथलिक धर्मभगिनींसाठीही वापरले जाणारे हे संबोधन मराठीत दवाखान्यातल्या प्रत्येक परिचारिकेचे नाव झाले, यावरून तो काळ समाजात किती खोल मुरला हे कळते.

शाळा, वसतिगृहे आणि मेळघाट

दवाखान्यांइतकेच शिक्षणाचे काम पसरले. अमरावती आणि अकोल्यातील होली क्रॉस शाळांत शिकणारी बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत. शहरातल्या शाळेत शिस्त आणि इंग्रजीचे आकर्षण असते. पण सेवेच्या अंगाने पाहता डोंगराकडे वळावे लागते. मेळघाटात कोरकू समाज राहतो. कोरकू भाषा मुंडा कुळातली आहे, म्हणजे मराठी आणि हिंदी या दोन्हींपासून दूरची. पहिलीत आलेल्या कोरकू मुलाला गुरुजींची भाषाच कळत नाही. चिखलदऱ्याजवळचे मरियमपूर हे ख्रिस्ती कोरकूंचे गाव. धर्मभगिनी आणि धर्मगुरू यांनी अशा भागांत शाळा, वसतिगृहे आणि छोटे दवाखाने चालवले.

मेळघाट १९९० च्या दशकात कुपोषणामुळे देशभर चर्चेत आला. त्या प्रश्नावर सरकारी यंत्रणा, स्थानिक डॉक्टर, अनेक स्वयंसेवी संस्था यांनी काम केले आणि करत आहेत. ख्रिस्ती संस्था त्यांतला एक लहान भाग आहेत. पण दुष्काळात मुलाला पेज कशी द्यावी हे जाणणाऱ्या परंपरेला कुपोषित बाळाला वारंवार, थोडे थोडे कसे भरवावे हे नव्याने शिकवावे लागत नाही.

महाराष्ट्रात याच विचाराचे पुढचे पाऊल जामखेडला पडले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाहेरून कोणी येऊन सेवा करण्याऐवजी गावातल्या माणसालाच शेजाऱ्याची काळजी घेता यावी, ही त्यांची दिशा होती. आज सार्वजनिक आरोग्यात गावपातळीवरची आरोग्यसेविका ही सर्वमान्य कल्पना आहे.

हेतूचा प्रश्न

सेवा करताना मनात धर्मप्रसार असेल तर ती सेवा राहते का? हा प्रश्न वऱ्हाडात नेटाने विचारला गेला. १९५६ पर्यंत अमरावती आणि अकोला जुन्या मध्य प्रदेश राज्यात होते. त्या राज्य सरकारने १९५४ मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनरींना परत पाठवावे आणि धर्मांतरासाठी वैद्यकीय सेवेचा उपयोग कायद्याने थांबवावा, अशा शिफारशी त्यात होत्या. चर्चच्या वतीने या निष्कर्षांवर जोरदार आक्षेप घेतले गेले. वर्ध्याहून काम करताना गांधीजींनीही अनेक वर्षे सांगितले होते की, सेवा ही सेवेसाठीच असावी, धर्म बदलण्यासाठी नव्हे.

राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. चर्चमधला विचारही बदलत गेला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने गरीब किंवा अशिक्षित माणसावर दबाव येईल असा प्रसार अयोग्य ठरवला. १९९४ मध्ये रेड क्रॉस आणि मदत संस्थांनी स्वीकारलेल्या आचारसंहितेत मदत ही धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी वापरू नये, असे नमूद आहे, आणि अनेक ख्रिस्ती संस्थांनी ती मान्य केली.

धर्मशास्त्राच्या अंगानेही याचे उत्तर मूळ गोष्टीतच सापडते. जखमी माणूस बरा झाल्यावर त्या शोमरोन्याचा धर्म स्वीकारतो, असे गोष्टीत कुठेही नाही. त्याचे नावही सांगितलेले नाही. न्यायाच्या दिवसाच्या चित्रात तर ज्यांनी दया केली त्यांना कुणाची सेवा घडली हे ठाऊकच नव्हते. मोबदला म्हणून काहीही न मागणारी दया हीच श्रद्धेची साक्ष, असा या दोन्ही प्रसंगांचा अर्थ आहे.

वऱ्हाडाची स्वतःची परंपरा

ख्रिस्ती सेवा वऱ्हाडात रुजली याचे एक कारण हे की दयेची जमीन इथे आधीच तयार होती. कोठाऱ्याहून फार दूर नसलेल्या शेंडगाव येथे १८७६ मध्ये गाडगेबाबांचा जन्म झाला. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याला औषध, दुःखी माणसाला हिंमत अशी सूत्रे असलेली त्यांची दशसूत्री आणि शुभवर्तमानातली दयेची यादी यांत विलक्षण साम्य आहे. दोन्ही वेगवेगळ्या उगमांतून आल्या आणि दोन्हींनी देवाला देवळाबाहेर, उपाशी माणसात शोधायला सांगितले. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावपाशी देह ठेवला. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी ग्रामसेवा हीच उपासना मानायला शिकवले.

कुष्ठरोगाच्या क्षेत्रातही हाच शेजार दिसतो. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन उभे केले. तिथे कुष्ठरुग्ण शेती आणि उद्योग करून स्वतःच्या कमाईवर जगू लागले. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन त्यानंतर आले. कोठारा आणि तपोवन यांची प्रेरणास्थाने वेगळी असली तरी एकाच जिल्ह्यात दोघांनी एकाच जखमेवर पट्टी बांधली.

मंडळीतील रोजची दया

संस्थांच्या पलीकडे ख्रिस्ती श्रद्धा चालते ती मंडळीत. चर्चला मराठी ख्रिस्ती माणूस ‘मंडळी’ म्हणतो, धर्मगुरूला ‘पाळक’ किंवा ‘फादर’. कमाईचा दहावा भाग, म्हणजे ‘दशांश’, देण्याची प्रथा अनेक प्रोटेस्टंट घरांत आजही पाळली जाते. उपासनेनंतरचे ‘प्रीतिभोजन’ हा सर्वांनी एका पंगतीत जेवण्याचा प्रसंग. ज्या समाजात एके काळी पाणवठा आणि पंगत जातीने वाटलेली होती, तिथे एका भांड्यातली भाजी सगळ्यांच्या ताटात पडणे ही दयेपेक्षा मोठी गोष्ट होती. ती बरोबरीची होती.

नाताळात ख्रिस्ती घरांतून करंज्या, शंकरपाळे, अनारसे, केक अशा फराळाची ताटे शेजाऱ्यांकडे जातात. दिवाळीला शेजारघरून ताट आलेले असते, ते रिकामे परत करायचे नसते. या देवघेवीत कोणी धर्म सांगत नाही, पण नाते टिकते. मंडळीतल्या स्त्रिया आजारी माणसाच्या घरी जातात, प्रार्थना करतात. त्यांतली एखादी तोवर चूल पेटवून भाकरी टाकते, आणि ते काम कोणी नोंदवून ठेवत नाही.

आजची गरज बदलली आहे. कुष्ठरोगाचे नवे रुग्ण कमी झाले असले तरी अजून सापडतात आणि उशिरा आले तर अपंगत्व घेऊन येतात. मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेल्याने घरी एकटे उरलेले वृद्ध वाढले आहेत. कापसाचे पीक बुडाले आणि कर्ज डोक्यावर असले की विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात काय होते, ते सर्वांना माहीत आहे. अशा घराला मदतीआधी सोबत लागते: कोणीतरी जाऊन बसणे, सातबारा आणि बँकेच्या कागदांत हात घालणे, मुलांच्या शाळेची चौकशी करणे. गाडगेबाबांच्या दशसूत्रीतली शेवटची ओळ दुःखी माणसाला हिंमत देण्याची आहे, आणि शुभवर्तमानातला आजाऱ्याचा समाचारही हाच. वऱ्हाडातल्या लहानशा ख्रिस्ती समाजापुढे आज दुष्काळातले पोर किंवा गावाबाहेरची झोपडी क्वचितच असते. दारावर टकटक न करणारा शेजारी मात्र पूर्वीइतकाच जवळ राहतो.